थीफ मालिका: २०१४ चा गेम आवडला, मग १९९८ चा मूळ गेम इतका जड का जातो?

रात्रपाळी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

थीफ या व्हिडिओ गेम मालिकेशी माझी ओळख उलट्या क्रमाने झाली. एडॉस माँट्रियलने २०१४ साली काढलेला ‘थीफ’ मी आधी खेळलो, एकदा नव्हे तर दोनदा, आणि तो मला मनापासून आवडला. त्यात नायकाचे, म्हणजे गॅरेट या चोराचे, हात सतत डोळ्यांसमोर असतात. चित्राच्या चौकटीच्या कडेने बोटे फिरवत तो लपवलेली कळ चाचपून काढतो, तेव्हा आपण खरोखर परक्या घरात, श्वास रोखून उभे आहोत असे वाटते. एका सावलीतून दुसऱ्या सावलीत झेप घेण्याची जी युक्ती त्यात दिली आहे, ती एकदा हातात बसली की पहारेकऱ्याच्या पाठीमागून सरकत जाण्यात विलक्षण आनंद मिळतो.

मात्र या मालिकेविषयी जिथे जिथे वाचले, तिथे जुने खेळाडू एकच गोष्ट सांगताना दिसले. खरा थीफ म्हणजे लुकिंग ग्लास स्टुडिओजचा १९९८ सालचा ‘द डार्क प्रोजेक्ट’ आणि २००० सालचा ‘द मेटल एज’. पुढे सगळी उतरणच. म्हणून मी ‘थीफ गोल्ड’, म्हणजे पहिल्या गेमची वाढीव आवृत्ती, घेतला, लॉर्ड बॅफर्डच्या वाड्याचे पहिले मिशन सुरू केले आणि जेमतेम चाळीस मिनिटांत बंद केले. माणसांचे चेहरे ठोकळ्यांसारखे आहेत, हे मी मनावर घेतले नसते. पण फरशीवर चार पावले टाकली की पलीकडच्या खोलीतला पहारेकरी तलवार उपसून येतो, तलवारबाजीत माझा निभाव लागत नाही, नकाशा म्हणजे कुणीतरी घाईघाईने काढून दिलेले अर्धवट रेखाटन आहे, आणि कुठे जायचे हे दाखवणारी एकही खूण पडद्यावर उमटत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. जुन्या गेमविषयीचे हे प्रेम कितपत गुणांवर उभे आहे आणि कितपत त्या वयातल्या आठवणींवर? मी पुन्हा प्रयत्न करावा असे वाटत असेल, तर काय वेगळे करावे? आणि २००४ चा ‘डेडली शॅडोज’, ज्याचे नाव फारसे कुणी घेत नाही, तो खेळण्याजोगा आहे का?

---

शेवाळबाण यांचे उत्तर

तुम्ही चाळीस मिनिटांत गेम बंद केलात यात मला नवल वाटत नाही. २०१४ च्या गेमने हाताला जी सवय लावली आहे, ती इथे नेमकी अंगाशी येते. नव्या गेममध्ये लपणे हे मुख्यतः डोळ्यांचे काम आहे. जुन्या गेममध्ये ते आधी कानांचे काम आहे, आणि हे कुणी अगोदर सांगितले नसेल तर पहिले मिशन नुसता मनस्ताप देते.

तुमची तक्रार फरशीची आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. द डार्क प्रोजेक्टमध्ये समोर काय दिसते याला जितके महत्त्व आहे, तितकेच पायाखाली काय आहे यालाही आहे. गालिचा, गवत आणि माती यांवर पाऊल जवळजवळ वाजत नाही, लाकडावर आणि दगडावर ते ऐकू जाते, आणि गुळगुळीत लादी किंवा लोखंडी पत्रा तर चालणाऱ्याची उघड चुगली करतो. त्यात तुम्ही दबकत चालता, साधे चालता की धावता, यावर आवाज आणखी बदलतो. माझ्या टोपणनावातला बाण याचसाठी आहे: तो जमिनीवर मारला की तिथे शेवाळाचा पट्टा पसरतो आणि लादीवरूनही निःशब्द जाता येते. बॅफर्डच्या वाड्यात हे बाण मोजकेच असतात, त्यामुळे ते कुठे खर्च करायचे याचा विचार आधीपासून करावा लागतो.

आता याची दुसरी बाजू पाहा, कारण माझ्या मते या गेमचे मर्म तिथे आहे. जो नियम तुम्हाला लागू आहे, तोच पहारेकऱ्यालाही लागू आहे. वरच्या मजल्यावर, सिंहासनाच्या दालनाकडे जाताना, एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात नुसते उभे राहून ऐकत राहा. पहारेकरी लादीवरून चालत असताना त्याच्या बुटांची टकटक स्पष्ट ऐकू येते, आणि तो गालिच्यावर आला की ती मंदावते. म्हणजे भिंतीपलीकडचा माणूस कोणत्या दालनात आहे, तुमच्याकडे येतो आहे की पाठ फिरवून चालला आहे, हे न पाहता कळते. दोन फेऱ्या अशा ऐकल्या की त्याचे वेळापत्रक तुम्हाला पाठ होते. मग तिसऱ्या फेरीत, त्याची टकटक जिथे मंदावते नेमक्या त्या क्षणी, तुम्ही आपली चार पावले टाकून घेता. हा अनुभव मला दुसऱ्या कोणत्याही स्टेल्थ, म्हणजे लपतछपत खेळायच्या, गेमने इतक्या उघड्यावाघड्या स्वरूपात दिलेला नाही.

हे साधण्यामागचे तंत्रही जाणून घेण्यासारखे आहे. हा गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या डार्क इंजिनमध्ये आवाज भिंती भेदून सरळ रेषेत येत नाही. रचनाकारांनी प्रत्येक मिशनचा नकाशा खोल्या-खोल्यांत आखून त्या खोल्या एकमेकींना जोडल्या आहेत, आणि आवाज त्या जोडांवरून, म्हणजे दारांतून आणि बोळांतून, वळणे घेत तुमच्यापर्यंत पोचतो. दार लोटले की तो दबतो. म्हणूनच पुढे झुकून दाराला कान लावता येणे ही शोभेची सोय नसून रोजचे हत्यार आहे. पहारेकरी स्वतःशी मोठ्याने बोलतात, गुणगुणतात, संशय आला की पुटपुटतात, याचेही कारण हेच. त्यांच्या मनात काय चालले आहे हे पडद्यावरच्या एखाद्या चिन्हाने न दाखवता त्यांच्या तोंडून ऐकवले जाते.

दुसरी गोष्ट दोरीच्या बाणाची. २०१४ च्या गेममध्येही हा बाण आहे, पण तो कुठे मारायचा हे आधीच ठरलेले असते. ज्या तुळईला दोर गुंडाळलेला दिसतो, तीच तुळई. द डार्क प्रोजेक्टमध्ये तो कोणत्याही लाकडात किंवा मातीत रुततो, आणि काम झाले की उपटून परत घेता येतो. त्यामुळे लाकडी छत दिसले की ‘इथून वर जाता येईल का’ हा प्रश्न तुमच्या मनात आपोआप उभा राहतो, आणि पुष्कळदा उत्तर होकारार्थी निघते, मग रचनाकाराने त्या वाटेचा विचार केलेला असो वा नसो. नव्या गेममध्ये मी वाट शोधत असतो. जुन्या गेममध्ये वाट तयार करतो. या दोन क्रिया वरून सारख्या दिसल्या तरी मनाला त्यांची चव फार वेगळी लागते.

तलवारीविषयी एवढेच सांगेन की ती वापरायची वेळ आली, तर तो डाव बिघडलाच असे धरून पळ काढावा. गेमने गॅरेटला मुद्दामच दुबळा ठेवले आहे. सर्वांत वरच्या, म्हणजे एक्स्पर्ट पातळीवर तर बहुतेक मिशनमध्ये माणसाला ठार मारण्यास मनाई असते. इथे काठिण्यपातळी वाढवल्यावर शत्रूंची ताकद वाढवून मिळत नाही, तर तुमच्यावरची बंधने आणि कामे वाढतात. जास्त लूट आणा, आणखी एक वस्तू शोधा, रक्त सांडू नका. वर चढत जाणाऱ्या खेळाडूकडून बळाऐवजी संयम मागणारी ही कल्पना मला आजही फार देखणी वाटते.

आठवणींच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण मी स्वतः द डार्क प्रोजेक्ट पहिल्यांदा खेळलो तो त्याच्या प्रकाशनानंतर सोळा वर्षांनी, तुमच्यासारखाच नवा गेम संपवून. त्या वेळी माझ्याजवळ त्याच्या कसल्याही आठवणी नव्हत्या. पहिल्या रात्री मलाही तो रुचला नव्हता.

---

प्रकाशमणी यांचे उत्तर

शेवाळबाण यांनी आवाजाबद्दल जे लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे आणि मी त्यात काही जोडू इच्छित नाही. परंतु अशा चर्चांमध्ये २०१४ च्या गेमवर नेहमी अर्धाच विचार होतो, आणि जुन्या गेमचे दोष ‘काळाचा परिणाम’ म्हणून माफ केले जातात, हे मला पटत नाही. मी जुने दोन्ही गेम प्रकाशित झाल्यापासून खेळत आले आहे, म्हणून थोडे परखडपणे लिहिते.

द डार्क प्रोजेक्टमधली निम्मी मिशने चोरीची नाहीतच. बोनहोर्डच्या तळघरांत आणि पछाडलेल्या कॅथीड्रलच्या परिसरात तुमची गाठ जिवंत प्रेतांशी पडते, ज्यांच्यावर तलवारीचा पक्का परिणाम होत नाही आणि ज्यांच्यासाठी पाण्याचे बाण मंतरून घ्यावे लागतात. काहींना हे भयाचे वातावरण फार आवडते. मला मात्र तिथे दरोडेखोराऐवजी थडगी उकरणारा झाल्यासारखे वाटते. शिवाय गोल्ड आवृत्तीत जी तीन मिशने वाढवली, त्यांपैकी थीव्ज गिल्डचे गटारांतले भुयारजाळे इतके एकसारखे आहे की मी त्यात तासन्‌तास भरकटले आहे. हा जुनेपणाचा दोष नव्हे, आखणीचा आहे. लुकिंग ग्लासलाही तो जाणवला असावा, कारण द मेटल एजमध्ये प्रेतांची संख्या अगदी कमी झाली आणि त्यांच्या जागी वाडे, बँक, गोदामे आणि छपरे आली. ‘लाइफ ऑफ द पार्टी’ या मिशनमध्ये शहराच्या एका टोकापासून छपरांवरून उड्या मारत एंजलवॉच मनोऱ्यापर्यंत जायचे असते, आणि वाटेतल्या खिडक्यांत शिरावे तितक्या छोट्या-छोट्या गोष्टी सापडत जातात. मला मालिकेतला एकच नकाशा निवडायला सांगितला, तर मी हा निवडेन.

आता २०१४ कडे वळते. या गेमचे प्रकाशाचे काम सुंदर आहे. ओल्या दगडावर पडलेला मशालीचा उजेड पाहून कुठे उभे राहावे हे आपण किती उजेडात आहोत हे दाखवणाऱ्या, पडद्याच्या कोपऱ्यातल्या मण्याकडे न बघताही कळते, आणि ही गोष्ट जुन्या इंजिनला कधीच साधली नव्हती. तिथे मण्याखेरीज गत्यंतर नाही. पिंजऱ्यातले पक्षी ही कल्पनाही मला अस्सल थीफच्या परंपरेतली वाटते: जवळून घाईने गेलात की ते फडफडतात आणि पहारेकरी सावध होतो. जमिनीवरच्या काचा, पाण्याची डबकी, पहाऱ्यावरचे कुत्रे यांतही तोच विचार आहे, आवाजाकडे लक्ष द्या. पण काठिण्य स्वतःच्या हाताने घडवण्याची जी सोय त्यात आहे, तिची दखल जुने खेळाडू सहसा घेत नाहीत. फोकस नावाची ती निळी दिव्यदृष्टी पूर्ण बंद करता येते, नेमबाजीची खूण काढून टाकता येते, मधल्या सेव्हवर बंदी घालता येते, बेशुद्ध करण्यावरही घालता येते. ज्यांनी हा गेम ठरावीक पातळीवर खेळून नापसंत केला, त्यांनी एकदा फोकसशिवाय खेळून पाहावा. तो निराळा गेम होतो.

मग माझे गाऱ्हाणे कशाबद्दल आहे? उडीबद्दल. १९९८ च्या गॅरेटला वाटेल तिथे उडी मारता येत होती. २०१४ च्या गॅरेटला गेमने परवानगी दिलेल्या कडेपाशीच येते. गुडघाभर उंचीच्या पेटाऱ्यापुढे शहरातला सर्वांत निष्णात चोर थबकून उभा राहतो, तेव्हा मघाशी ओल्या दगडावरचा उजेड पाहून मन जिथे रमलेले असते तिथून ते एकदम बाहेर फेकले जाते. त्याच जोडीला शहराचे तुकडे. एका वस्तीतून दुसरीकडे जाताना तीच खिडकी, तीच पहार, तेच रेटणे, आणि त्यामागे चालणारे लोडिंग. पहिल्या दहा वेळा मी ते कौतुकाने पाहिले, पुढे शहरात हिंडण्याची इच्छाच मावळली. पहारेकऱ्यांचे संवादही प्रकाशनाच्या वेळी एकावर एक चढत आणि पुन्हा पुन्हा वाजत असत, आणि ज्या मालिकेची ओळखच आवाजाने आहे, तिच्यात ही चूक इतर कोणत्याही चुकीपेक्षा अधिक जिव्हारी लागली.

थोडक्यात, रात्रपाळी, तुम्हाला जो गेम आवडला तो आवडण्याजोगाच आहे. कुणी सांगते म्हणून तो नावडता करून घेऊ नका.

---

शेवाळबाण यांचे उत्तर

प्रकाशमणी, थीव्ज गिल्डविषयी मी तुमच्याशी सहमत आहे. फोकस बंद करून मी २०१४ चा गेम खेळलेलो नाही, तो प्रयोग नक्की करीन.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. बोनहोर्डमध्ये चोरी नाही असे मला वाटत नाही. तिथे पहारेकऱ्यांच्या जागी प्रेते आहेत एवढेच. त्यांचे कण्हणे भुयारांतून कुठून येते आहे हे ओळखूनच वाट काढावी लागते, आणि ते कसब बॅफर्डच्या वाड्यातलेच आहे. उलट द मेटल एजमधल्या यांत्रिक पहारेकऱ्यांचा खडखडाट मला कधीकधी जास्तच सोपा वाटतो, कारण ते इतक्या लांबून ऐकू येतात की दचकायला होतच नाही. पाठीमागच्या भट्टीत पाण्याचा बाण मारून त्यांना थंड करण्याची युक्ती तेवढी फार समाधान देते.

---

धुक्यापलीकडे यांचे उत्तर

डेडली शॅडोजचा प्रश्न अजून कुणी घेतलेला नाही, म्हणून तो मी घेतो. तो माझा सर्वांत आवडता भाग नाही, पण त्याला वगळून ही तुलना पूर्ण होत नाही, कारण १९९८ आणि २०१४ यांच्यामध्ये जे काही बदलले त्यातले बरेचसे तिथेच बदलले.

लुकिंग ग्लास स्टुडिओज मे २००० मध्ये, म्हणजे द मेटल एज बाजारात आल्यावर दोनेक महिन्यांतच, बंद पडला. तिथली काही मंडळी आयन स्टॉर्म या कंपनीच्या ऑस्टिन शाखेत गेली आणि त्यांनी २००४ मध्ये हा तिसरा भाग पूर्ण केला. तो पीसीबरोबरच एक्सबॉक्सवरही चालायचा होता, आणि एक्सबॉक्सच्या तुटपुंज्या मेमरीची मर्यादा गेममध्ये जागोजागी दिसते. मिशनांचे तुकडे पडले आहेत आणि त्यांच्या सीमेवर निळसर धुक्याचा पडदा उभा असतो. त्यात शिरले की लोडिंग. पोहणे काढून टाकले गेले. दोरीचा बाण गेला आणि त्याच्या जागी भिंतीवर चढण्याचे हातमोजे आले, ज्यांचा उपयोग मला तरी कधी मनासारखा झाला नाही. शेवाळबाण यांनी वाट शोधणे आणि वाट तयार करणे असा जो भेद केला आहे, त्यातली दुसरी बाजू इथेच लंगडी पडली. २०१४ च्या गेमवर त्याचा सगळा दोष टाकला जातो, तो पूर्ण न्याय्य नाही. ज्या शहरात मोकळे हिंडता येते ते शहर, लुटीच्या वस्तूंची चमक, कुलूप उघडण्याचा छोटा खेळ, गॅरेटला पाठीमागून पाहण्याची सोय, हे सारे २००४ चेच आहे.

तरीही दोन गोष्टींसाठी तो खेळाच. पहिली म्हणजे जिवंत सावल्या. जुन्या इंजिनमध्ये उजेड-अंधार जमिनीवर जणू रंगवून ठेवलेले असत. इथे हातात मशाल घेतलेला पहारेकरी चालू लागला की खांबांच्या सावल्या त्याच्याबरोबर फिरतात आणि तुम्ही ज्या अंधारात निर्धास्त बसला होता तो अंधारच तुमच्या अंगावरून सरकून जातो. मी पहिल्यांदा असा उघडा पडलो, तेव्हा पळण्याचेही सुचले नव्हते. शिवाय विझलेली मशाल किंवा उघडे राहिलेले दार इथल्या पहारेकऱ्यांच्या लक्षात येते. बॅफर्डचे लोक मात्र अख्खा बोळ काळोखात बुडाला तरी खुशाल फेऱ्या घालत राहतात, ही जुन्या गेमची उणीव मान्य करावी लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘रॉबिंग द क्रेडल’. एके काळी अनाथालय आणि वेड्यांचे इस्पितळ राहिलेल्या शेलब्रिज क्रेडल या वास्तूत तुम्ही शिरता, आणि पहिल्या अर्ध्या भागात तिथे एकही शत्रू नसतो. कुणीच नसते. फक्त वरच्या मजल्यावरून धप्प असे आवाज येत राहतात आणि दिवे मधूनच थरथरतात. इतकी वर्षे या मालिकेने तुम्हाला कानांवर विसंबायला शिकवलेले असते, आणि इथे तेच कान तुमच्याविरुद्ध वापरले जातात. तुम्ही आवाज ऐकून थांबता, वाट पाहता, वेळापत्रक पाठ करू पाहता, पण तिथे ज्याचे वेळापत्रक पाठ करावे असे कुणी असतच नाही. २०१४ च्या गेममधल्या मोइरा या वेड्यांच्या इस्पितळाच्या प्रकरणाने या अनुभवाला उजाळा देण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो त्या गेमचा चांगला भाग आहे. परंतु आधी क्रेडल खेळून मग मोइरात गेलात, तर आपण कोणाच्या घरी पाहुणे आहोत हे लगेच ओळखू येते.

आणखी एक सांगावेसे वाटते. पहिल्या तिन्ही भागांत गॅरेटला स्टीफन रसेल यांचा आवाज आहे, २०१४ मध्ये तो रोमानो ओर्झारी यांनी दिला. ओर्झारी यांचे काम वाईट नाही. पण रसेल यांच्या गॅरेटच्या बोलण्यात जो थकलेला, स्वतःपुरता विचार करणारा माणूस ऐकू येतो, त्याच्यामुळे किपर, हॅमराइट आणि पेगन या पंथांच्या भांडणात इच्छा नसताना ओढले जाण्याची कथा खरी वाटते. नव्या गेममध्ये हे पंथच जवळजवळ पुसले गेले, आणि त्यांच्याबरोबर गॅरेटला ज्यांपासून लांब राहायचे होते अशा गोष्टीही गेल्या.

---

तिजोरीवाला यांचे उत्तर

थोडी व्यवहाराची माहिती देतो. थीफ गोल्ड मूळ स्वरूपात न खेळता त्याला टीफिक्स हा चाहत्यांनी तयार केलेला पॅच लावून खेळा. २०१२ साली एका अनामिक व्यक्तीने डार्क इंजिनची न्यूडार्क नावाची सुधारित आवृत्ती लोकांच्या हाती दिली, आणि त्यामुळे रुंद पडद्यावर योग्य चित्र दिसणे, आजच्या संगणकावर गेम न कोसळणे असे बहुतेक प्रश्न सुटले. टीफिक्स तेच बसवून देतो.

सुरुवातीला कळांची मांडणी तुमच्या सवयीप्रमाणे बदलून घ्या, विशेषतः दबकणे आणि डावी-उजवीकडे झुकणे. हेडफोन लावा, या गेमसाठी हा सल्ला ऐच्छिक नाही. पहिल्या भागानंतर द मेटल एज, मग डेडली शॅडोज हा क्रम ठेवा, कारण गोष्ट सलग आहे. आणि हे सारे आवडले तर ‘द डार्क मोड’ पाहा. तो डूम ३ या गेमवर उभारलेला चाहत्यांचा प्रकल्प २०१३ पासून स्वतंत्रपणे चालतो, तो विनामूल्य आहे आणि त्यात दोरीचा बाण लाकडात कुठेही रुततो. डिसेंबर २०२३ मध्ये, मूळ गेमला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, चाहत्यांनी थीफ गोल्डसाठी ‘द ब्लॅक परेड’ ही दहा मिशनांची मालिका काढली, तीही विनामूल्यच.

---

रात्रपाळी यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमची उत्तरे वाचून मी काल रात्री टीफिक्स बसवला, हेडफोन लावले आणि बॅफर्डचा वाडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

या वेळी मी समोरच्या दरवाजाच्या नादाला न लागता बाजूच्या विहिरीतून तळघरात उतरलो. शेवाळबाण यांनी सांगितल्याप्रमाणे वरच्या मजल्यावर एका अंधाऱ्या कोपऱ्यात नुसता उभा राहिलो. पहिली एक-दोन मिनिटे अवघड गेली, कारण आपण काहीच करत नाही आहोत ही जाणीव हाताला स्वस्थ बसू देत नव्हती. मग पहारेकऱ्याची टकटक गालिच्यावर येऊन मंदावली, आणि त्या क्षणी मला जे समजले ते वाचून समजले नसते. मी डोळे नकाशावरून काढले. तो दूर गेला, पुन्हा आला, पुन्हा दूर गेला. तिसऱ्या वेळी मी निघालो. सिंहासनाच्या दालनात पोचलो तेव्हा माझ्याजवळ शेवाळाचा एकच बाण उरला होता, तो मी लादीवर टाकला आणि ज्यासाठी आलो होतो तो राजदंड उचलला. बाहेर पडेपर्यंत कुणाची तलवार म्यानातून निघाली नाही. या सगळ्याला दोन तास लागले; २०१४ च्या गेममध्ये एवढ्या वेळात मी दोन प्रकरणे संपवली असती, आणि तरी हे दोन तास मला अधिक भरलेले वाटले.

प्रकाशमणी यांचे म्हणणेही मी विसरलेलो नाही. उडीचा जो मुद्दा तुम्ही मांडलात, तो मी नव्या गेममध्ये दोनदा अनुभवला होता, पण त्याला काय म्हणावे हे मला कळत नव्हते. फोकस बंद करून तिसऱ्यांदा खेळायचे मी ठरवले आहे, मात्र जुने तिन्ही भाग झाल्यावर.

आता एकच शंका. पुढचे मिशन क्रॅग्सक्लेफ्ट तुरुंगाचे आहे आणि ते बुडालेल्या खाणीतून सुरू होते असे दिसते. पहिल्याच बोगद्यात काहीतरी कण्हते आहे. त्याच्याजवळून जावे, की दुसरी वाट आहे?

---

शेवाळबाण यांचे उत्तर

त्याच्याशी लढू नका. ते हळू चालते आणि तुम्ही त्याच्यापेक्षा वेगवान आहात, एवढे लक्षात ठेवून त्याचे कण्हणे दूर जाईपर्यंत थांबा आणि मग पुढे व्हा. वर तुरुंगात पोचलात की हॅमराइट पहारेकरी मोठमोठ्याने प्रार्थना पुटपुटत फिरताना ऐकू येतील. तिथे फरशी पुन्हा दगडी आहे, त्यामुळे कालच्याच रीतीने आधी त्यांच्या दोन फेऱ्या नुसत्या ऐका. आणि पाण्याचे बाण खालच्या खाणीत खर्चून टाकू नका, वरच्या मशालींसाठी राखून ठेवा.